शालनबायचा शेरा

शालन शेटगांवकर ‘शून्य’ हा शब्द वापरत नसत. आमच्या प्रयोगशाळेत तो शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचा, कारण लोक यायचेच तो ऐकायला. पाण्यात जंतू शून्य, काजूगरात बुरशी शून्य, मधात औषध शून्य. शालनबाय मान हलवायच्या. “शून्य देवाकडे,” त्या म्हणायच्या. “आमच्याकडे मशीन आहे आणि मशीनला मर्यादा आहे. तिच्याखाली काय असेल ते मला दिसत नाही. दिसत नाही, एवढंच मी लिहिणार.”

ही प्रयोगशाळा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यामागे आहे. माणसं अठरा. मी नमुने स्वीकारायच्या खिडकीवर. आलेल्या नमुन्याचं वजन, तापमान, सील आणि वेळ लिहायची, क्रमांक द्यायचा आणि शेवटी छापलेला अहवाल पाकिटात घालायचा, हे माझं काम. मधलं सगळं शालनबायांचं आणि त्यांच्या विभागाचं. त्या कीटकनाशकांचे अंश शोधायच्या. भाजीत, मसाल्यात, मधात, आणि क्वचित मेलेल्या मधमाश्यांत. मी अकरा वर्षं त्यांच्या दाराबाहेर बसलो. आत काय चालतं ते मला अर्धंच कळायचं, पण बाहेर येणारा कागद मात्र अक्षर न् अक्षर वाचायचो.

त्या मांद्र्याहून करड्या स्कूटरवर यायच्या. आठ वीसला. बाकीचे नऊला. घराच्या पुढच्या दोन खोल्या दिरांनी पर्यटकांना दिलेल्या. “घरात विदेशी, लॅबात विष. मधल्या रस्त्यावर तेवढी मी मोकळी,” असं त्या म्हणायच्या, पण त्या रस्त्यावरही स्कूटर चाळीसच्या पुढे कधी गेली नाही. केसांत अबोलीचा वळेसर असायचा. फाटकाशी आल्या की तो काढून स्कूटरच्या डिकीत. त्यांच्या विभागात फूल, अत्तर, उदबत्ती, डासांची वडी, हातांना लावायचं क्रीम, काहीही चालत नसे. नवीन लागलेली एक मुलगी नेलपॉलिश लावून आली, तेव्हा त्यांनी तिला रागावलं नाही. तिचं नेलपॉलिश खरवडून त्याचा अर्क काढला आणि मशीनवर चालवून आलेख तिच्या हातात दिला. “ठेव जपून. तुझ्या नखांची पत्रिका.”

कुठल्याही नमुन्याआधी ब्लँक, म्हणजे काहीही न घातलेला कोरा नमुना चालवायचा, हा सगळ्याच प्रयोगशाळांचा नियम आहे. कोऱ्यात काही दिसलं तर दोष आपल्यात आहे हे कळतं. शालनबायांनी तो नियम प्रयोगशाळेबाहेरही नेला होता. वसाहतीच्या कोपऱ्यावर चहाची गाडी आहे. त्या चहावाल्याकडे आधी चहाच्याच कोपात, म्हणजे पेल्यात, नुसतं गरम पाणी मागायच्या, घोटभर घ्यायच्या आणि मगच चहा.

“बाय, तुमचो माझ्या चायवर इस्वास नाय,” तो एकदा चिडून म्हणाला.

“चायवर आसा. कोपावर नाय. आज साबण रवलो हा.”

त्याने कोप नाकाशी नेला. सगळे कोप पुन्हा विसळायला घेतले. आम्ही उरलेले सहा जण त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा कामावर परतलो. त्याबद्दल मी त्यांना बोललो तर म्हणाल्या, “भाऊ, साबण पिऊन वेळेवर गेला असतात.”

दसऱ्याची गोष्ट सांगतो. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. ट्रकवाला ट्रकची करतो, सुतार रंध्याची करतो, तशी आम्ही मशीनची. त्या वर्षी कार्यालयातल्या मंडळींनी म्हापशाच्या बाजारातून झेंडूच्या माळा आणल्या आणि शालनबाय रजेवर असताना त्यांच्या विभागात तराजूला आणि मोठ्या मशीनला घातल्या. दसऱ्यानंतर काम सुरू झालं, तर ब्लँकमध्ये दोन रेषा उभ्या. जिथे काहीच नको तिथे दोन औषधं. तीन दिवस विभाग बंद. द्रावणं बदलली, नळ्या बदलल्या, काचेची भांडी पुन्हा धुतली, तरी रेषा तशाच. चौथ्या दिवशी शालनबायांना तराजूच्या पायाशी, काचेच्या फटीत, झेंडूची एक सुकलेली पाकळी मिळाली. त्यांनी ती चिमट्याने उचलली, तिचाच नमुना केला आणि चालवला. तीच दोन औषधं, पण ढीगभर.

आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते म्हणाले, “आता पुढच्या वर्षीपासून पूजा बंद.”

“पूजा कशाला बंद?” शालनबाय म्हणाल्या. “फुलं बदला.”

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी स्वतःच्या परड्यातला झेंडू आणला. फवारा न मारलेला, किडीने अर्धा खाल्लेला, दिसायला अगदी दरिद्री. पूजेआधी दोन पाकळ्या मशीनवर चालवल्या आणि मगच हार बाहेर, दाराच्या चौकटीला लावला. आत नाहीच.

दुसरी गोष्ट एका मधवाल्याची. हा माणूस मांद्र्याला किनाऱ्याजवळ पाहुण्यांसाठी झोपड्या चालवायचा आणि सोबत ‘रानमध’ विकायचा. त्याला बाटलीवर ‘कीटकनाशकमुक्त’ असं छापायचं होतं. तपासणीत काही आढळलं नव्हतं. तो खुशीत अहवाल न्यायला आला आणि वाचून परत आत शिरला.

“मॅडम, यात मुक्त हा शब्दच नाही.”

“कशापासून मुक्त?” शालनबायांनी विचारलं.

“म्हणजे, औषधांपासून.”

“आम्ही बेचाळीस औषधं शोधली. बाजारात त्याहून कितीतरी जास्त मिळतात. जी मी शोधलीच नाहीत त्यांच्यापासून तुमचा मध मुक्त आहे, हे मी कशावरून लिहू?”

“मग मी बाटलीवर काय लिहू?”

“बेचाळीस नावं लिहा, पुढे मर्यादा लिहा, आणि त्यापुढे आढळले नाही असं लिहा.”

“एवढ्याशा बाटलीवर मावेल का ते?”

“मग बाटली मोठी घ्या.”

तो त्यांच्या दिरांना ओळखत होता. दिरांकडूनही सांगून झालं. शब्द बदलला नाही. पुढे कित्येक महिने घरी जेवताना दीर आणि त्या एकमेकांशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होते, असं त्यांनीच मला हसत सांगितलं.

आता बाबल गावसची हकिकत. ही मी लिहायला बसलो त्याचं खरं कारण.

बाबल डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावचा. साठीच्या आसपासचा. खाणीवर टिपर चालवायचा. खाण बंद पडली तेव्हा त्याने मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेतलं आणि घरामागे पेट्या ठेवल्या. आमच्या भागातल्या या पाळीव माशीला सातेरी म्हणतात, ग्रामदेवीच्याच नावाने. बाबल पहिला मध काढला की आधी देवीला नेऊन देई, मगच घरात कुणी बोट लावायचं. त्याच्याकडे अकरा पेट्या होत्या. कुंपणापलीकडे काजूची मोठी बाग, एका हॉटेलवाल्याची. काजू ऐन मोहोरात असताना एका सकाळी नऊ वाजता तिथे फवारणी झाली. दुपारपर्यंत बाबलच्या पेट्यांच्या दारात माश्यांचा सडा पडला. दोन दिवसांत अकरापैकी सात पेट्या गप्प झाल्या. त्याने कृषी खात्याच्या कार्यालयात तक्रार दिली. त्यांनी वीस दिवसांनंतरची सुनावणी लावली आणि तपासणीचा अहवाल घेऊन ये म्हणून सांगितलं. त्या वीसपैकी पाचव्या दिवशी तो बस बदलत तुयेला आला, सुंभाने बांधलेला बिस्किटांचा डबा घेऊन.

मी डबा घेतला. झाकण घट्ट, सुंभ शाबूत, आत कागदी पिशवी, तिच्यात माश्या. वजन एकशे बारा ग्रॅम. तापमान खोलीचं. वास नाही. ‘नमुन्याची स्थिती’ या रकान्यात मी लिहिलं: ठीक. खाली सही केली. मी माझ्या नोंदींबद्दल काटेकोर आहे असं लोक मानतात, मीही मानायचो.

वीस मिनिटांनी शालनबाय खिडकीशी आल्या. “भाऊ, जरा आत या.”

तराजूवर माश्या मोजून ठेवल्या होत्या, शंभर. काट्यावर २.७ ग्रॅम. “ताज्या शंभर माश्या याच्या दुपटीहून जास्त भरतात,” त्या म्हणाल्या. “पाणी कुठे गेलं?”

त्या बाहेर बाकावर बसलेल्या बाबलकडे गेल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या.

“बाबलदादा, माशयो मेल्यार तुमी काय केलास?”

“वास येय नये म्हणान वाळवलंय,” बाबल म्हणाला. “दोन दिवस सुपात घालून उन्हात ठेवलंय. वयर मच्छरदाणी घातलंय, कोंबयो खायत म्हणान. बांगडे सुकवतंव तसे.” मग जरा अभिमानाने, “एक माशी कुसूक नाय, बाय.”

आमच्याकडे टिकवायची वस्तू उन्हात घालतात. मासे, सोलं, मिरच्या, कोकमाच्या बिया. बाबलने पुरावा टिकवला होता, त्याला माहीत असलेल्या सगळ्यांत चांगल्या पद्धतीने. फक्त बरीच औषधं उन्हात मोडतात, हे त्याला माहीत नव्हतं. मेलेल्या माश्या लगेच बर्फात घालाव्या लागतात.

मी मान खाली घातली. शालनबाय त्याला म्हणाल्या, “तुमी काय वायट करूंक नाय. आमीच सांगूंक नाय.” त्याच आठवड्यात त्यांनी एक पानाचं मराठी पत्रक तयार केलं. मेलेल्या माश्या उन्हात घालू नका, धुऊ नका, बर्फात घाला, तारीख आणि वेळ लिहा. डिचोली आणि पेडण्यातल्या पंचायती, दूध सोसायट्या आणि मासळीबाजारात ते लावलं. मासळीबाजारात का, असं मी विचारलं. “बर्फ तिथेच मिळतो, भाऊ.”

तपासणी झाली. माश्यांत काही आढळलं नाही.

बाबल निकाल ऐकायला आला तेव्हा सोबत त्याचा मेव्हणा आणि शेजारची एक बाई होती. बाई बोलकी. “तू आमच्यातलीच ना गो?” ती शालनबायांना म्हणाली. “लिही विष गावला म्हणान. आमी डोळ्यांनी फवारो बघितलो.”

“गावूंक नाय, तर कसा लिवू?”

“मगे शिकलस कित्याक?”

“गावला नाय तेव्हा गावला म्हणान लिवचा नाय, ह्याच शिकलंय,” शालनबाय म्हणाल्या. बाई तोंड फिरवून बसली. मेव्हणा पुटपुटला की हिलाही हॉटेलवाल्याने विकत घेतलं. शालनबायांनी ते ऐकलं. आत जाऊन अहवाल लिहायला बसल्या.

अहवालात त्यांनी निकालाखाली शेरा लिहिला: ‘नमुना प्रयोगशाळेत येण्यापूर्वी दोन दिवस उन्हात वाळवलेला होता. काही कीटकनाशके उन्हात विघटित होतात. त्यामुळे माश्यांच्या मृत्यूचे कारण कीटकनाशक नव्हते असा निष्कर्ष या निकालावरून काढता येत नाही.’

सरांनी तो कागद पाहिला आणि आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. सर वाईट माणूस नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवतो. काजूच्या बागेच्या मालकाच्या दोन्ही हॉटेलांचं पाणी आमच्याकडे तपासायला यायचं.

“शालनबाय, हा शेरा काढा. नमुना जसा आला तसा तपासला, हे खाली छापलेलंच असतं.”

“ते सगळ्याच अहवालांवर छापलेलं असतं, सर. म्हणून ते कुणी वाचत नाही.”

“आपण निकाल द्यायचा. अर्थ लावायचा नाही.”

“मी अर्थ लावत नाही. लोक चुकीचा लावतील, तो अडवते आहे.”

सर म्हणाले, “या लॅबवर अठरा घरं आहेत.”

“बाबलची सात होती.”

सरांनी मग माझी नोंद काढली. “इथे भाऊंनी स्थिती ठीक लिहिली आहे. नोंद एक सांगते आणि शेरा दुसरंच. तपासणीला कोणी आलं तर मी कुठला कागद पुढे करू?”

तो मुद्दा बरोबर होता. शालनबाय माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या. मी नोंदवही ओढून घेतली. आमच्याकडे चूक खोडायची रीत अशी की एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, पुढे बरोबर काय ते लिहायचं, तारीख आणि सही. मी ‘ठीक’वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं: ‘उन्हात वाळवलेला. स्वीकारताना माझ्या लक्षात आले नाही.’

“विचार करून करा, भाऊ,” सर म्हणाले.

“केला, सर. नोंद चुकीची होती.”

आता नोंद आणि शेरा जुळत होते. शालनबायांनी सरांच्या समोरच अहवालावर सही केली. मी तो पाकिटात घालून बाबलला दिला. चार दिवसांनी परिपत्रक निघालं. शालन शेटगांवकर यांचं नाव अहवालावर सही करू शकणाऱ्यांच्या यादीतून काढण्यात आलं होतं. त्यांना पाण्याच्या विभागात दिलं. एकवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला बाटल्यांतलं पाणी ढवळायला.

त्यांनी परिपत्रक वाचलं, त्यावर ‘वाचले’ असं लिहून वेळ घातली आणि मला विचारलं, “रविवारी काय करता?”

रविवारी आम्ही लाटंबार्स्याला गेलो. त्यांच्या स्कूटरमागे बांधलेली थर्माकोलची पेटी मांद्र्याच्या मासेमारांची, पाच वेळा धुतलेली, आत बर्फ. बर्फात आधीच एक बंद कुपी ठेवलेली, नुसत्या शुद्ध पाण्याची. पेटीतूनच काही लागलं तर ते कुपीत दिसेल. मी मागून मोटारसायकलवर.

त्यांचं म्हणणं असं होतं की माश्या उन्हात सुकल्या, पण पोळी अजून पेटीच्या अंधारात आहेत. माश्या काजूच्या फुलांतून आणलेला पराग पोळीच्या घरांत दाबून ठेवतात. मेलेल्या सात पेट्यांत तो तसाच पडून होता. ऊन तिथे पोचलंच नव्हतं.

काढण्याआधी त्या कुंपणाशी गेल्या आणि बागेतल्या मुकादमाला हाक मारली. मुकादम दोडामार्गाकडचा, दळवी नावाचा, मोठ्या मिशांचा. तो संशयानेच आला. शालनबायांनी त्याच्यासमोर, पंचायतीच्या एका सदस्यासमोर आणि माझ्यासमोर पोळी कापली, पराग एकत्र केला, तीन सारखे भाग केले. प्रत्येकी चाळीस ग्रॅम, मी वजन केलं. तिन्ही पुड्यांना सील, तिन्ही सीलांवर आमच्या सह्या. एक पुडी बाबलला, एक स्वतःकडे. तिसरी त्यांनी कुंपणावरून दळवीपुढे धरली.

“माका कित्याक ह्या?”

“तुमच्या मालकाक दिया. फ्रीजात ठेवा. उद्या ते म्हणतले, बायेन पुडयेत कायतरी घातलां. मगे तुमची पुडी फोडा.”

दळवी पुडीकडे बघत राहिला. “म्हणजे तुमीच आमच्या हातीत पुरावो देतास?”

“तुमच्या हातीत आसलो तर तुमी तो खोटो म्हणूंक शकणास नाय.”

तो हसला. पुडी घेतली. त्याच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, शेजारी ती सुनावणीपर्यंत होती.

सोमवारी शालनबायांनी स्वतःची पुडी रीतसर माझ्या खिडकीवर दिली. सरांनी ती तपासायला नकार दिला. कारण दिलं, आमच्याच कर्मचाऱ्याने स्वतः जाऊन काढलेला नमुना आमच्याकडे तपासता येणार नाही. पूर्वी शालनबायच सगळ्यांना हे शिकवायच्या.

“सरांचं बरोबर आहे,” त्या मला म्हणाल्या. पुडी आमच्या फ्रीझरमध्ये गेली. त्यांच्या नव्या टेबलापासून जुनं मशीन चौदा पावलांवर होतं. जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा असायचा. मशीन चालवायला त्यांना कुणाची परवानगी लागली नसती, त्यांना उत्तर कळलं असतं आणि सरांना पत्ताही लागला नसता. त्या गेल्या नाहीत. पुडीचं सील मी रोज पाहायचो. ते तसंच होतं.

“बघावंसं वाटत नाही?” एकदा मी विचारलं.

“वाटतं,” म्हणाल्या आणि पाण्याच्या बाटल्या ओळीने लावायला लागल्या.

सुनावणीला डिचोलीच्या कार्यालयात बाबलने दोन्ही गोष्टी पुढे ठेवल्या, पहिला अहवाल आणि सीलबंद पुडी. पहिला कागद देऊ नकोस, असं मेव्हण्याचं म्हणणं होतं. शालनबायांनी बाबलला स्पष्ट सांगितलं होतं, “एक लपयलास तर दुसऱ्याक कोण मानूचो नाय.” अधिकाऱ्यांनी बाबलची आणि बागेची, दोन्ही पुड्या राज्याबाहेरच्या सरकारी प्रयोगशाळेला पाठवल्या आणि पुढची तारीख दिली.

पाच आठवड्यांनी निकाल आला. आकडे मी इथे लिहीत नाही. ते ज्यांचे आहेत त्यांच्या कागदावर आहेत. दोन्ही पुड्यांत एकच औषध आढळलं आणि दोन्ही आकडे एकमेकांना लागून होते.

बागेच्या वतीने आलेल्या गृहस्थांनी तरी शेवटचा प्रयत्न केला. शालनबाय साक्षीला बसल्या होत्या, मी मागच्या बाकावर. त्या गृहस्थांनी पहिला अहवाल हातात धरून विचारलं, “माश्यांत काही आढळलं नाही, हे तुमच्याच सहीने लिहिलंय ना?”

“हो.”

“म्हणजे माश्या औषधाने मेल्या नाहीत.”

“खाली वाचा.”

“मी निकालाबद्दल विचारतोय.”

“निकाल एका ओळीचा आहे आणि शेरा तीन वाक्यांचा. दोन्हींवर सही एकच आहे. अर्धा कागद वाचायचा असेल तर मला कशाला बोलावलंत?”

अधिकाऱ्यांनी कागद मागून घेतला आणि शेरा मोठ्याने वाचला. तिन्ही वाक्यं. त्या तीन वाक्यांसाठी शालनबायांची सही गेली होती. ती वाक्यं नसती, तर पहिल्याच कागदावर बाबलची तक्रार निकाली निघाली असती आणि दुसऱ्या पुड्या फोडायची वेळच आली नसती.

आदेश असा निघाला की काजूच्या मोहोराच्या दिवसांत दिवसा फवारणी करायची नाही, संध्याकाळी करायची असेल तर दोन दिवस आधी शेजारच्या मधपाळांना लेखी कळवायचं, आणि बाबलला सात पेट्या माश्यांच्या वसाहतींसह भरून द्यायच्या. पेट्या मिळाल्या. तीन महिन्यांनी शालनबायांनी राजीनामा दिला. सरांनी त्यांना थांबायला सांगितलं, सही परत देतो असंही म्हणाले. “परत देता येते म्हणजे परत काढताही येते,” असं म्हणून त्या निघाल्या. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाल्या. पाण्याच्या विभागातल्या नोंदी अपुऱ्या राहिल्या होत्या त्या दोन दिवस बसून पुऱ्या केल्या.

पुढच्या काजूच्या हंगामात, एका सकाळी मला डिचोलीला काम होतं. वाट वाकडी करून मी लाटंबार्स्यावरून गेलो. बाबलच्या घराच्या पुढे, काजूच्या बागेच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला एक प्लास्टिकची कदेल, म्हणजे खुर्ची, होती आणि तिच्यावर शालनबाय बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर वही, पायाशी बर्फाची पेटी. फाटकाच्या आत ट्रॅक्टर उभा, त्यावर फवारणीची टाकी, दोन माणसं नळ्या सोडत होती. आदल्या दिवशी बाबलच्या पुतण्याने टाकी भरताना पाहिली होती. बाबलला लेखी काही कळवलेलं नव्हतं.

मी गाडी बाजूला लावली. त्यांनी मान हलवली आणि फाटकाकडे बघत राहिल्या. काजू मोहोरलेला होता, वास रस्त्यापर्यंत येत होता.

दळवी मुकादम फाटकाशी आला. “बाय, हंय कित्याक बसलास? उन लागतला.”

“बसूंक बंदी आसा?”

“बंदी नाय. पण आमका काम आसा.”

“करा. मी अडयलंय? माझाय काम आसा. तुमी सुरू केलास काय मी घड्याळ बघतलंय. पयली माशी पडली काय ती बर्फात.”

दळवीने टाकीकडे पाहिलं, मग मोबाइल काढून दूर जाऊन कुणाशी तरी बोलला. बराच वेळ. परत आला तेव्हा त्याने हाताने नळ्या गुंडाळायची खूण केली. माणसं थांबली, एकमेकांकडे बघू लागली आणि मग गुंडाळायला लागली.

“आज नाय,” दळवी म्हणाला. “पण तुमी काय रोज येवन बसतल्यात?”

“मोहोर आसा तोपर्यंत.”

“म्हणजे दीडेक म्हयनो.”

“मगे दीडेक म्हयनो.”

तो फाटक ओढून घेऊन आत गेला. मी त्यांना विचारलं, पाणी आणून देऊ का. नको म्हणाल्या, बाबलच्या घरातून येतं. मला उशीर होत होता. मी गाडी सुरू करताना त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, वही उघडली आणि लिहिलं. मी मान वळवून वाचलं. नऊ वाजून दहा मिनिटे, फवारणी झाली नाही. त्याखाली रेघ मारून त्यांनी दुसऱ्या दिवसाची तारीख आधीच घालून ठेवली.